आजीच्या खर्चाची वही

पुणे, रविवार

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, आजीच्या क्रियाकर्माचा हिशेब आता कसला मांडताय? तिच्यासाठीच गेले ना पैसे?" तेव्हा मी गप्प बसलो. ३१ वर्षं एसटीच्या डेपोत हिशेब तपासले, वही अर्धी टाकून झोप लागत नाही. आणि खरं सांगू का, त्यातले बरेचसे आजीपर्यंत पोचलेच नाहीत.

डॉक्टरांनी आपल्याला आत बोलवायच्या आधीच तो पांढऱ्या शर्टातला माणूस जिन्यात उभा होता, आठवतंय? "काका, काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो." त्याला कुणी कळवलं? नंतर मी वॉर्डातल्या पोराला विचारलं, तर तो नुसता हसला. त्या माणसाने भाव सांगितला नाही, तूही विचारला नाहीस. मी तर आजीचा चष्मा हातात धरून बसलो होतो. चार किलोमीटरला शववाहिकेचे ४,५००, आणि 'फुल सेट'चे ६,८००.

तो फुल सेट मी वहीत फोडून लिहायला बसलो. कळक, सुतळी, मडकं, कापड, गोवऱ्या, हार, कापूर, तूप. तुपाच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'फक्त पूजेसाठी' असं छापलेलं. म्हणजे खायच्या लायकीचं नाही. आयुष्यभर घरी लोणी कढवणाऱ्या बाईच्या देहावर ते घातलं आपण. चंदन म्हणून दिलेल्या ढलपीला वास कसलाच नव्हता. गेल्या आठवड्यात मी स्मशानाजवळच्या एका दुकानात उभा राहून सुट्या सामानाचे भाव विचारले. बेरीज २,३०० झाली. दुकानदाराने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, नुसता भाव विचारतोय." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी पाप करतोय. या धंद्याचं भांडवल तेच आहे बघ. भाव विचारला की मेलेल्या माणसावर प्रेम कमी होतं, अशी आपलीच समजूत. लग्नात मांडववाल्याशी तासभर हुज्जत घालणारे आपण, इथे निमूटपणे स्कॅन करतो.

मृत्यूच्या दाखल्याचे १,५०० तर शुद्ध फुकट गेले. मृत्यू दवाखान्यात झाला की नोंद कळवायचं काम दवाखान्याचंच, हे १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राला डॉक्टरांना पैसे घेता येत नाहीत. आणि बिल राहिलंय म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, असं आपल्या राज्याच्या २०२१च्या नियमांत लिहिलंय. आपल्याला कुणी अडवलं नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा कानातलं गहाण ठेवायला निघाला होता. त्या वेळी मला हे माहीत असतं तर...

दहाव्याचं मात्र तुझ्यावर ढकलत नाही, तो माझाच गाढवपणा. पॅकेज १५,००० 'साहित्यासकट'. त्यावर गुरुजी म्हणाले, "दान यथाशक्ती." समीर, अख्ख्या वहीत मला सगळ्यात महाग पडलेला शब्द हाच. किती दिले की शक्ती पुरती झाली, हे कुणी सांगत नाही, सगळे नुसते तुमच्या हाताकडे बघतात. गाय सांगितली, गाईचे पैसे दिले. गादी सांगितली, "आईंना पुढच्या प्रवासात थंडी वाजायला नको," आणि मी, बिनसहीचं एकही व्हाउचर पुढे न सरकवणारा, पाकीट रिकामं केलं. कावळा काही लवकर शिवला नाही. तुझी आई हळूच म्हणाली, "आईंना हिशेब पटलेला दिसत नाही."

हे आजचंच आहे असंही नाही. घरच्या सुखदुःखात मधल्या माणसाशिवाय पान हलू नये, याविरुद्ध जोतिरावांनी १८७३मध्ये याच शहरात सत्यशोधक समाज काढला. १८९०मध्ये ते गेले, तेव्हा टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांत वाद झाला आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतलं. त्या टिटव्याला किती पडले, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ठेवायला हवं होतं, असं माझ्यासारख्याला वाटतं.

वहीतला सगळ्यात लहान आकडा १०० आहे. तो दाहिनीवरच्या त्या माणसाला दिलेला. आजीला आत सरकवण्यापूर्वी थांबून "कुणाला बघायचंय का अजून?" असं विचारलं होतं ना, तोच. त्याने मागितलेही नव्हते. परवा जाऊन आणखी ५०० देऊन आलो, ते वेगळ्या पानावर लिहिलेत.

माझ्या वेळी तू घासाघीस कर. खुशाल कर. मला लाज वाटणार नाही, आणि वाटली तरी तुला कळायची नाही. शर्टवाला आला तर आधी भाव कागदावर लिहून माग. गादीबिदी नको, मला आधीच उकडतं.

दाखल्याच्या दोन प्रती कुरिअरने पाठवतोय, आजीच्या त्या जॉइंट खात्यासाठी लागतील. मूळ प्रत कपाटात वहीखाली आहे.

तुझा,
बाबा