विषय: आपल्या फुटबॉल टीमचा हेड कोच राहणार की जाणार ते लेखी कळवा

प्रति,
मेंबरशिप विभाग आणि त्यांच्या वरचे साहेब लोक,

आजचा माझा चौथा कॉल होता आणि शेवटचा. यापुढे फोन करणार नाही, लिहूनच देतोय.

आपण सलग सहा मॅच हरलोय, त्या कशा हरलो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात कोचच्या सिस्टिमसाठी दोन विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे डिफेंडर) तुम्हीच घेतले आणि त्याच महिन्यात बॉल जिंकून देणारा एकमेव मिडफिल्डर तुम्हीच विकला, त्याच्या जागी कोणी आणलंच नाही. आता प्रत्येक टीम आपल्या मिडफिल्डच्या भगदाडातून आत शिरते, कटबॅक (गोललाइनजवळून मागे दिलेला पास), गोल. कोचच्या चुका आहेतच, 70 मिनिटांपर्यंत सब (बदली खेळाडू) उतरवत नाही, थकलेल्या पोरांना तसंच पळवतो. पण ते भगदाड त्याने पाडलेलं नाही.

तरी पेपरात रोज येतंय की कोच आज जाणार, उद्या जाणार, आणि तुमच्या स्टेटमेंटमध्ये "पूर्ण पाठिंबा". हे विचारायलाच मी फोन केला होता.

42 मिनिटं होल्डवर ठेवलं. मग एक मुलगा आला, बोलायला नम्र होता, त्याचं मला काही नाही. मी म्हटलं, कोचबद्दल मेंबर्सचा सर्व्हे घेतलात तो परदेशातल्या मेंबर्सना का पाठवला नाही? तो म्हणाला, "सर, तुम्ही ग्राउंडवर येऊन मॅच बघता का?" मी म्हटलं नाही, मी पुण्यात राहतो. तर म्हणतो, "मग रिझल्टचा तुमच्यावर तसा थेट परिणाम होत नाही ना." मी गप्पच झालो. अहो, थंडीत तुमची रात्री 8 ची मॅच आमच्याकडे दीड वाजता सुरू होते, साडेतीनला संपते, हरलेलं डोक्यात घेऊन मी 9 ला ऑफिसला पोचतो, 11 वर्षं हे करतोय, आणि परिणाम होत नाही? एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पुढे म्हणाला, झालेल्या गैरसोयीबद्दल कोचच्या सहीच्या फोटोवर 20 टक्के सूट देऊ शकतो. ज्या माणसाला ठेवणार की काढणार हे विचारायला मी फोन केला, त्याच्याच सहीचा फोटो मला विकत घ्या म्हणताय!! पैसे कापताना तुम्हाला पुणे दिसतं, सर्व्हे पाठवताना दिसत नाही.

आता मुद्दा. माझं मत आहे की त्याला आत्ता काढू नका. वाईट काळातही क्लबने ठेवलेल्या जुन्या कोच फर्ग्युसनचं उदाहरण देणार नाही, तो काळ गेला. जवळचं बघा. मँचेस्टर युनायटेडने जुलै 2024 मध्ये कोच टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, त्याच्या पसंतीचे प्लेअर आणले आणि 28 ऑक्टोबरला त्याला काढलं. म्हणजे मे महिन्यात घ्यायचा निर्णय ऑक्टोबरमध्ये घेतला, सगळी खरेदी झाल्यावर. मग नवा कोच आमोरिम आला, त्याला तीन सेंटर बॅक (मधले डिफेंडर) लावून खेळायचं होतं आणि हाताशी होती चार डिफेंडरच्या सिस्टिमसाठी जमवलेली टीम. सीझनअखेर 15 वा नंबर, 42 पॉइंट, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचे त्यांचे सगळ्यात कमी. आणि जानेवारी 2026 मध्ये तोही गेला. तुम्ही पाऊल न पाऊल त्याच वाटेने चाललाय.

आर्सेनल डिसेंबर 2020 मध्ये 14 मॅचनंतर 15 वं होतं. त्यांनी कोच आर्टेटाला ठेवला, त्याने बॉक्सिंग डेला (26 डिसेंबर) अकॅडमीतल्या स्मिथ रोला टीममध्ये घेतलं, चेल्सीला 3-1 ने हरवलं आणि तिथून गाडी वळली. आपल्या अकॅडमीतही तसा एक पोरगा बसून आहे, कोचला त्याला खेळवायला सांगा की.

मधेच काढून कधी फायदा होतच नाही असं मी म्हणत नाही. ॲस्टन व्हिलाने ऑक्टोबर 2022 मध्ये कोच जेरार्डला काढलं, तेव्हा ते 17 वे होते, आणि सीझन संपला तेव्हा सातवे. पण त्यांनी चार दिवसांत नवा कोच म्हणून एमरीचं नाव जाहीर केलं होतं! तुमच्याकडे कोणाचं नाव आहे? असेल तर सांगा, मी माझं मत बदलतो, खरंच. नसेल तर केअरटेकर (तात्पुरता कोच) म्हणून कोणा असिस्टंटला उभं करणार, तो त्याच भगदाडासमोर तीच टीम उतरवणार, आणि जुन्या कोचची भरपाई द्यायला पुढच्या वर्षी मेंबरशिपचे पैसे वाढवणार. ते आमच्याकडूनही घेणार, परिणाम न होणाऱ्यांकडून.

काढायचंच होतं तर मे मध्ये काढायचं होतं. तेव्हा पण मी मेल केला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, कोच सीझन संपेपर्यंत आहे की नाही हे मेंबर्सना स्पष्ट सांगा, "पूर्ण पाठिंबा" हा शब्द न वापरता. दोन, सर्व्हे आम्हालाही पाठवा. आम्ही इथे 14 जण एकत्र बसून मॅच बघतो, सगळे मेंबर आहोत, माझी दहावीतली मुलगी पण. तिला मागच्या रविवारी मी सांगितलं की क्लब आपलं ऐकत नाही, ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

रिन्यूअलचे पैसे 30 तारखेला आपोआप कापले जातात. त्याआधी उत्तर आलं नाही तर माझं आणि मुलीचं दोन्ही कार्ड मी बँकेत सांगून बंद करणार, बाकीचे 12 जण पण तेच म्हणतायत. फोन करू नका, मेल करा. आणि तो फोटो नको.

एक मेंबर, पुणे