काका, पॉलिसी वाचायला तुम्ही शिकवलंत

तीर्थरूपसमान काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच गल्लीत राहतो आपण, तरी हे पत्र चारचौघांत लिहितेय. समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. शिवाय आपल्या इंदुरात घरून फराळ, मसाले, डबे करणाऱ्या कितीतरी जणी घरचीच गाडी धंद्याला वापरतात. त्यांच्याही हे नजरेस पडावं.

2021 ची दिवाळी तोंडावर असताना आमची जुनी व्हॅन देवास नाक्यापाशी डिव्हायडरवर चढली. कुणाला लागलं नाही, पण गाडीचं तोंड पार चेपलं. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला, म्हणून मी निर्धास्त होते. महिन्याभरानं क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी ते घेऊन मी रडत तुमच्याकडे आले. तुमची सगळी नोकरी अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हे, म्हणजे विम्यासाठी नुकसानीची पाहणी, करण्यात गेलेली. वाटलं होतं, तुम्ही कंपनीला चार शब्द सुनवाल.

तुम्ही आधी पॉलिसी मागितलीत. जेवणाच्या टेबलावर ती पसरलीत, भिंग काढलंत आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' (गाडी कशासाठी वापरायची याच्या मर्यादा) या मथळ्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढून म्हणालात, "आता हे मोठ्यानं वाच." मी वाचलं. गाडी भाड्यानं चालवली किंवा तिच्यातून नमुन्यांव्यतिरिक्त धंद्याचा माल नेला, तर खासगी गाडीचा विमा लागू नाही. सर्व्हेच्या फोटोत मागची सीट काढलेली, तिथे चिवड्याचे चौदा डबे आणि वर आमचं बिलबुक. "बेटा, गाडी जे काम करते ते कागदावर नाही," एवढंच बोललात. दुरुस्तीचे 62 हजार आम्ही पदरचे घातले. पण काका, त्या दिवशी मला धीर देण्यापुरतं गोड बोलला असतात, तर मी पुढची गाडीही तशीच घेतली असती.

पुढच्या वर्षी दसऱ्याला छोटा हत्ती, म्हणजे मालाचा लहान टेम्पो, घ्यायचं ठरलं. बँकेतून मुद्रा योजनेचं किशोर गटातलं कर्ज मिळालं, 50 हजार ते 5 लाखांच्या गटातलं. सासूबाईंना दारात धंद्याच्या गाडीची पिवळी नंबरपाटी नको होती. तुम्ही येऊन बसलात आणि त्यांना शांतपणे समजावलंत: मालासकट वजन 3000 किलोच्या आत आहे, म्हणून या गाडीला परमिटची भानगड नाही. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, नव्या गाडीला दोन वर्षं असतो, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. सासूबाईंनीच मग पाटीला हळदीकुंकू लावलं.

शोरूमवाल्यानं विम्याचा कागद पुढे केला तेव्हा सही करायला माझा हात गेलाच होता. तुम्ही तो कागद घरी आणायला लावलात आणि दोन तास माझ्याकडून वाचून घेतलात. हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची किंमत, आयडीव्ही, मुद्दाम कमी धरली होती. चोरी झाली तर तेवढेच पैसे मिळाले असते आणि कर्ज डोक्यावर राहिलं असतं. मग 'आयएमटी 23'. हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट, टायर, रंग यांचं किरकोळ नुकसान धरतच नाहीत. त्यासाठी हे कलम जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं. गल्लीबोळांत गाडीचं नेमकं हेच फुटतं. कागदावर ते नव्हतं. ड्रायव्हर आणि डबे चढवणारा मुलगा यांना काही झालं तर आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीसाठी माणशी अवघे पन्नास रुपये भरायचे असतात, तेही नव्हते. तुम्हाला चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मी हट्ट धरला त्यावर. त्या वर्षीच्या सरकारी दरानं स्वतःचाच माल वाहणाऱ्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, हप्ता 8,510 रुपये होता आणि भाड्याचा माल वाहणारीचा 16,049. मी म्हटलं, आपला तर फराळ! तुम्ही विचारलंत, "सियागंजच्या बाजारातून येताना शेजारच्या किराणावाल्याची पोती आणशील की नाही? भाडं घेशील की नाही?" मी गप्प. 16,049 भरले. आज दिवाळीनंतरचे मंदीचे महिने त्या पोत्यांच्या भाड्यावरच निघतात, आणि गाडी निघाली की पोटात गोळा येत नाही.

2023 मध्ये राजवाड्यामागच्या बोळात रिव्हर्स घेताना बंपर आणि हेडलाइट गेला. आयएमटी 23 होतं म्हणून क्लेम बसला. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे त्याचे निम्मेच पैसे मिळणार, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, म्हणून दोन्हीकडचा हिशेब पाटीवर मांडायला लावलात. क्लेमच फायद्याचा निघाला. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये, हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, तेव्हा आमच्या ड्रायव्हरसाठी ती बातमी तुम्हीच फोन करून सांगितलीत. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता तुम्हाला.

या सगळ्याचा एक रुपया घेतला नाहीत. सर्व्हेअरची फी काय असते हे मला आता ठाऊक आहे, म्हणून जास्तच जाणवतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. गाडीत भरलेल्या मालाचा विमा वेगळा काढावा लागतो, हे तुम्ही तीन वेळा सांगितलंत आणि मी तीन वेळा टाळलं. यंदा महूच्या दुकानांचा माल वाढलाय. त्या पॉलिसीचा कागद मागवला आहे, पण अजून सही केलेली नाही. रविवारी सकाळी घेऊन येते. भिंग तुमचं, वाचेन मी. अनारसे तुम्हाला चालत नाहीत, म्हणून भाजणीच्या चकल्या आणते, कमी तिखटाच्या.

आपली,
समोरच्या घरातली फराळवाली सून