रोजनिशीतला बाप

वसई, ७ मार्च

प्रिय बाय,

तुझं ट्युनिसचं पाकीट शनिवारी मिळालं. आईने फोटो चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले आणि "हाडकली" एवढंच म्हणून आत गेली. आफ्रिकेतल्या मालीला जाण्याबद्दल तू शेवटच्या पानावर तीन ओळी लिहिल्या आहेस. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आज पर्पेतुआ आणि फेलिसिटी या हुतात्मा संतांचा सण, म्हणून सकाळच्या मिस्सेला गेलो. फादरांनी ती लांबची, जुनी रोमन प्रार्थना घेतली. फेलिसिटी, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस. लहानपणापासून कानावरून गेलेली नावं. आज मात्र त्यातल्या एकीचा बाप मला ओळखीचा वाटला.

तू पर्पेतुआची रोजनिशी मराठीत उतरवून पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. कार्थेज, सन २०३. बावीस वर्षांची मुलगी, अंगावर पिणारं बाळ, आणि तुरुंगात बसून स्वतः लिहिते आहे. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण त्या काळातल्या एका ख्रिस्ती बाईचं स्वतःचं लिहिणं टिकून आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाचायला घेतलं तिच्यासाठी आणि अडकलो बापापाशी.

तो चारदा येतो, तिने धर्म सोडावा म्हणून. पहिल्यांदा ती त्याला विचारते, समोर पडलेल्या त्या तांब्याला दुसरं काही नाव देता येईल का? नाही ना? मग मीही ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणवून घेता येणार नाही. तो तिचे डोळे उपटायला धावतो. मग काही दिवस फिरकत नाही, आणि ती लिहिते की तो नव्हता म्हणून तिला बरं वाटलं, देवाचे आभार मानले. बाय, ही ओळ लिहिताना तुझा हात थांबला होता का? तिथे शाई पसरली आहे.

मी तुझ्या अंगावर धावलो नाही. तू कॉन्व्हेंटला जायच्या दिवशी मी वाडीत गेलो आणि पंप चालू केला. केळीला आदल्याच दिवशी पाणी दिलं होतं. रिक्षेचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून तो पंप चालू होता. तू बावखलाच्या काठापर्यंत चालत आलीस आणि थोडा वेळ उभी राहून परत गेलीस, हे मला आजीने नंतर सांगितलं. सात वर्षं झाली. हे मी तुला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत तो बाप रडतो. तुझ्या सगळ्या भावांपेक्षा मी तुला जास्त मानलं, म्हणतो. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, म्हणतो. तिचे हात धरतो, पायांवर पडतो आणि तिला 'मुली' म्हणायचं सोडून 'बाईसाहेब' म्हणतो. मी तुला अजून एकदाही सिस्टर म्हटलेलं नाही. पाकिटावर पत्ता दादाच्या मुलीकडून लिहून घेतो, ते याचसाठी.

तिसऱ्यांदा तो चौकशीच्या वेळी तान्ह्या नातवाला घेऊन येतो. हिलारियानुस नावाचा अधिकारी त्याला खाली पाडून छडीने मारायला लावतो. तिथे ती लिहिते की ते मारणं तिला स्वतःला मारल्यासारखं लागलं, त्याच्या म्हातारपणाचं वाईट वाटलं. मी तेवढं वाचलं आणि वही मिटवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

माली. तिथल्या एका खेड्यातून २०१७ साली एका कोलंबियन सिस्टरला पळवून नेलं आणि ती सुटली २०२१ मध्ये. बाय, साडेचार वर्षांहून जास्त. आणि तू लिहितेस, "तिकडे शाळेला माणसं कमी आहेत."

नाही. ठरवलं होतं ना.

तुझ्या फोटोंबद्दल लिहितो. टीजीएमच्या लोकल गाडीने कार्थेजला उतरलीस, तिथून चालत त्यांना जिथे मारलं त्या रिंगणाकडे गेलीस. दगड लोकांनी शतकानुशतकं बांधकामाला नेले, म्हणून आता नुसती खोलगट लंबगोल जागा उरली आहे आणि आत हुतात्म्यांच्या आठवणीचं छोटं चॅपल. तो फोटो मी भिंतीला लावला आहे, गोन्सालो गार्सियाच्या तसबिरीशेजारी. दुसरी जागा मला जास्त भावली, बासिलिका मायोरुम हे जुनं चर्च. पाचव्या शतकात बिशप व्हिक्टर लिहून गेला की दोघींना तिथे पुरलं आहे. तेव्हा तिथे व्हँडलांचं राज्य होतं, मग बायझंटाइन आले, अरब आले, सगळं मातीखाली गेलं. फादर देलात्रांनी १९०६-०७ मध्ये ते खणून काढलं आणि संगमरवराचे तुकडे जुळवले तेव्हा तिची आणि सोबत्यांची नावं लागली: सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास, पर्पेतुआ. बापाचं नाव तिथे असायचं कारणच नाही, पण रोजनिशीतही ते नाही. ती त्याला शेवटपर्यंत फक्त बाप म्हणते.

वर्गात मी दर वर्षी अभिमानाने सांगायचो की गोन्सालो आपल्या वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, १८६२ साली संत झाला. पोरं टाळ्या वाजवायची. तूही वाजवायचीस, दुसऱ्या बाकावरून. त्याच्या आईचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

आता एक ऐक, हे शिक्षक म्हणून सांगतो. आज्ञापालनाचं व्रत घेतलं म्हणजे तोंड शिवलं असं होत नाही. मोठ्या सिस्टरांना स्वच्छ सांग, मला दमा आहे, धुळीत मला रात्र काढता येत नाही. यात कमीपणा कसला? त्याच कार्थेजचा बिशप सिप्रियान, २५० साली डेसियस बादशहाच्या छळात लपून राहिला. लपून पत्रं लिहिली, त्यावर मंडळी सांभाळली. लोकांनी नावं ठेवली, तरी तो बाहेर आला नाही. मरण शोधत जाणं धर्मात कुठे सांगितलेलं नाही, जगून काम करणंही...

इथे थांबलो, कारण पुढचं मला ठाऊक आहे आणि तुलाही. २५८ च्या १४ सप्टेंबरला तोच सिप्रियान तलवारीखाली गेला, पळायची संधी असताना. माझाच दाखला माझ्यावर उलटला. माफ कर. पुन्हा खडू हातात घेतला.

शेवटचा भाग मी आईला वाचून दाखवला. तिच्यासोबत तुरुंगात असलेल्या फेलिसिटीला आठवा महिना, गरोदर बाईला रिंगणात नेत नाहीत म्हणून सगळ्यांनी प्रार्थना केली, ती तुरुंगात बाळंत झाली, आणि ती मुलगी कुणा बहिणीने आपली म्हणून वाढवली. आई म्हणाली, "तिचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही का?" मग ती रानगाय. गाय पर्पेतुआला शिंगावर घेऊन आपटते. ती उठून बसते, फाटलेलं वस्त्र मांडीवर ओढते आणि केसांसाठी आकडा मागते, मोकळे केस म्हणजे दुखवटा, आणि आज आपला दुखवटा नाही म्हणून. मग उठून फेलिसिटीला हात देते.

आई उठली आणि कपाटातून तुझे आकडे काढून आणले. जाताना तू ते ड्रॉवरमध्ये ठेवून गेलीस, काळे, त्यातल्या दोघांची टोकं तुटलेली. इतकी वर्षं तिने ते डब्यात जपून ठेवले आहेत, हे मला माहीत नव्हतं. तिने ते तुझ्या नाताळच्या फोटोपुढे ठेवले आणि आम्ही दोघं बोललो नाही.

तुझा मला अभिमान आहे. हे वाक्य मी आज दुपारपासून लिहितो आहे. गावात कुणी विचारलं की मुलगी कुठे, तर मी आता "ट्युनिसला, सिस्टर आहे" असं सांगतो. पूर्वी "बाहेरगावी" म्हणायचो. त्या बापाबद्दल तिने लिहिलंय की तिच्या साऱ्या कुळात तो एकटाच असा, ज्याला तिच्या मरणाचा आनंद होणार नाही. मी त्याच्याच बाजूला उभा आहे, बाय. तू किती चांगलं काम करतेस हे कळूनही तिथेच उभा आहे.

मालीचा निरोप आला की फोन कर. आपलं घड्याळ तुमच्या साडेचार तास पुढे आहे, तुझे रात्रीचे दहा म्हणजे माझे अडीच. चालेल. मी तेव्हा जागाच असतो.

तुझा
पपा

ता. क. दम्याचा पंप दोन ठेव, एक पिशवीत आणि एक उशाशी. आणि पाकिटात आईने एक आकडा घातला आहे, चांगल्या टोकाचा. मी काढून ठेवला होता, तिने परत घातला.