बापू, दहा तारखेला मी बोलणार आहे

चि. बापूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, झालं ते झालं. आता तू बरी आहेस. चारचौघांत कशाला सांगत बसायचं?" तेव्हा ओट्यावर पाहुणे बसले होते, म्हणून मी नुसतं हं हं केलं. असलं काही मला फोनवर बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. घाईत वाचू नकोस.

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी तालुक्याला आशाताईंचं प्रशिक्षण आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या आशाही येणार आहेत. डॉक्टर बोलतील, आणि त्यांच्यानंतर मला बोलायचंय. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी पार खचतं, तो आजार जिने स्वतः भोगला अशी बाई म्हणून बोलवलंय मला. मी हो म्हटलंय. आधी ताईला विचारलं, तुझ्या नानांना विचारलं. तुलाही विचारणारच होते, तेवढ्यात तुझाच फोन आला.

तुला ताईच्या सोयरिकीची काळजी आहे, ते मला कळतं. शहाद्याकडचं स्थळ चांगलं आहे, मुलगा समजूतदार दिसतो. पण तुला एक माहीत नाही. ताईने त्याला स्वतःच सांगून टाकलंय, माझ्या आजाराचं नाव घेऊन. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. आई औषध घेतात का, आणि हे पुढच्या पिढीत येतं का. ताईने डॉक्टरांकडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर मुलांमध्ये तो होण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहा असतं. इतरांपेक्षा जास्त, पण शंभरातल्या निदान नव्वद मुलांना तो होत नाही. मुलाकडच्यांचा निरोप अजून आलेला नाही. काय येईल ते येवो. पण लपवून केलेल्या लग्नात माझी लेक रोज गोळ्यांची गोष्ट दडवत राहिली असती, ते मला नको होतं. आणि तिलाही नको होतं.

तू तेव्हा सातवीत होतास. मी रात्री दोनला उठून अंगण सारवायचे, घासलेली भांडी परत घासायचे. बाजारातून उधारीवर साड्या आणल्या आणि गल्लीत वाटून टाकल्या. झोप नाही, पण थकवाही नाही. सगळ्या गावाचं आता मीच भलं करणार असं वाटायचं. मग पुढे तीच मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, तुझी शाळेची वेळ झाली तरी उठवत नव्हतं. त्या श्रावणात आपल्या कानबाई देवीच्या रोटांच्या नैवेद्याला भाऊबंदांनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "बाहेरचं आहे" म्हणाले. कानबाईवर माझी श्रद्धा तेव्हाही होती, आजही आहे, पुढच्या वर्षीही मी रोट करीन. पण त्याच लोकांनी मला एका भगताकडे नेलं, तिथे हात बांधले, मिरच्यांची धुरी दिली. ते तू पाहिलं नाहीस, आणि बरं झालं.

धुरीची गोष्ट मी आशाताईंना सांगणार आहे. रडवायला नाही सांगायची. त्यांच्या गावात आजही कोणाला तरी बांधून ठेवलेलं असेल आणि त्यांना ते माहीत असेल, म्हणून सांगायची. तमिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे. दर्ग्याजवळ मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवत. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि 28 माणसं गेली, कारण सुटता येईना. आता कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. आपल्या महाराष्ट्रातही 2013 पासून भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, धुरी देणं हा गुन्हा आहे. हे आशाला पाठ असलं तर ती त्या घराच्या दारात उभी राहून बोलू शकते.

पण बापू, माझं खरं बोलणं पुढचं आहे.

तुला माहीत आहे मी लिथियम घेते, मन ताळ्यावर ठेवायची गोळी. डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या, मीठ एकदम कमी करू नका, ठरलेल्या वेळी रक्त तपासा. सगळं बरोबर. पण वैशाखात केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईला म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळणार? जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो. घाम गळतो, घामाबरोबर मीठ जातं. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतात. रक्तातलं लिथियम वाढतं. साधारण लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या दरम्यान हवं असतं. त्याच्या फार पुढे गेलं की माणूस लटपटायला लागतो, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड होते. आणि आपल्याकडे त्यावर सगळे म्हणतात, ऊन लागलं. कांद्याचा रस लावा.

गेल्या उन्हाळ्यात एका बाईचं असंच झालं. नाव सांगत नाही, तूही अंदाज करू नकोस. घरच्यांनी तिला सावलीत निजवलं होतं. मी तिची चाल पाहिली, हात पाहिले. माझाही हात थरथरतो, भाकरी थापताना तुला दिसत असेल, पण ती थरथर बारीक असते, ती मला ओळखीची आहे. तिची मोठी होती, पेला धरता येत नव्हता. मी विचारलं, पांढरी गोळी चालू आहे का? चालू होती. वर कमरेच्या दुखण्यासाठी दुकानातून रोज एक गोळी घेत होती. डायक्लोफेनॅक निघाली. तीही लिथियम वाढवते, आयबुप्रोफेनही वाढवते. निंदणी-वेचणी करणारी कोणती बाई कमरेसाठी गोळी घेत नाही, सांग बरं? त्याच दिवशी तिला जिल्ह्याला हलवलं. बाई वाचली, आज कामाला जाते.

आता नवरात्र तोंडावर आहे. आपल्याकडच्या किती बायका नऊ दिवस अळणी करतात, काही नुसत्या पाण्यावर राहतात. लिथियम घेणाऱ्या बाईने असा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये, हे तिला कोण सांगतं? तपासणीत कोणी विचारत नाही, "उपास करता का?" आणि तीही आपणहून सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं. मग ती उपासाच्या दिवसांत गोळीच बंद करते. एकदम बंद केली की आजार उलटण्याची भीती आणखी मोठी. आशाताई प्रत्येक उंबऱ्याला जाते. हे सगळं तिच्या कानावर घालायला मला दहा तारखेला वीस मिनिटं मिळणार आहेत, आणि ती मी सोडणार नाही.

आजारी पडून मी जे शिकले ते फुकट जाऊ नये, एवढंच मला वाटतं. लोक आपल्याला ऐकतात ते बहुतेक कणव म्हणून. टाळ्या वाजवतात, शाल देतात, आणि पुढचा निर्णय आपल्याला न विचारता घेतात. औषधाचा साठा किती मागवायचा, मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याला महिन्यातून कितीदा यायचे, ओपीडी बाजाराच्या दिवशी ठेवायची की नाही, हे ठरवताना कोणी पेशंटला विचारत नाही. मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली. खानदेशातून कोणतंही घ्या, एसटीत दिवस जातो. म्हणून गोळी तालुक्यालाच मिळायला हवी आणि महिन्याला खंड न पडता मिळायला हवी. बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली होती. वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या 70 ते 92 जणांना उपचार मिळतच नव्हते. ही माणसं कुठे आहेत ते आशाताईंना माहीत असतं.

आणि कायद्याने आपल्याला खुर्ची दिलेली आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात पुनर्विलोकन मंडळं सांगितली आहेत. रुग्णाला त्याच्या मनाविरुद्ध ठेवलं, वाईट वागवलं, तर दाद तिथे मागायची. मंडळावर सहा जण. अध्यक्ष न्यायाधीश, एक जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि उरलेल्या दोन जागा रुग्णांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या संस्थांसाठी. मी पहिल्यांदा हे वाचून घेतलं तेव्हा नानांना पुन्हा वाचायला लावलं. आपल्यासारख्या माणसाने न्यायाधीशाच्या बाजूला बसून मत द्यायचं! ती जागा भरायला माणसं तयार हवीत, चार लोकांत तोंड उघडायची सवय असलेली. आम्ही महिन्याच्या पहिल्या सोमवारी जमतो ना, रुग्ण आणि घरचे, तिथे मी हेच बोलत असते. सध्या जास्त वेळ अपंगत्वाचा दाखला कसा काढायचा यातच जातो, पण तेही काम आहे.

खानदेशात हे काही मीच पहिल्यांदा करतेय असं नाही. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे आपल्या धुळ्याकडचे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते घरात जे शिकले ते त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवलं नाही, पुण्यात 1997 साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात. आज ते नाहीत, काम चालू आहे. तू पुण्यातच आहेस, एखाद्या सुट्टीत जाऊन बघ. मला सांग ते सभा कशी चालवतात, नवीन माणूस आला तर पहिल्यांदा त्याला काय विचारतात.

काही गोष्टी मी सांगणार नाही, तेही तुला कळलं पाहिजे. तुझं आणि ताईचं नाव, त्या वर्षांत तुमच्यावर काय गेलं, विहिरीजवळची ती रात्र, नानांनी काय विकलं, हे माझं एकटीचं नाही. कोणी विचारलं तरी नाही. दवाखान्यालाही माझी माहिती माझ्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही, तसा कायदाच आहे. फोटो काढायला मी नाही म्हटलंय. मी खूप बरी असेन त्या दिवशीच बोलीन. आदल्या दोन रात्री झोप नीट झाली नाही तर जाणार नाही, डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय. झोप उडाली की माझ्यात काय सुरू होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत? आणि आत्महत्येबद्दल कोणी विचारलं तर एकच सांगीन, की पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला थांबू नका. तसा प्रयत्न करणारा माणूस ताणाखाली होता असंच 2017 चा कायदा धरून चालतो, शिक्षेचा प्रश्न येत नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मी फळ्यावर लिहून ठेवायला सांगणार आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आता तुझ्याकडे काम आहे. मी आगाऊ निर्देश लिहिलाय. म्हणजे पुढे कधी माझी निर्णय घ्यायची शुद्ध राहिली नाही, तर माझ्यावर काय उपचार करावेत आणि काय करू नयेत, याचा कागद. शुद्ध असेपर्यंत तो लागू होत नाही. त्यात लिहिलंय की मला भगताकडे न्यायचं नाही, बांधायचं नाही. ज्या गोळीने माझी मान आणि जबडा आखडला होता तिचं नाव लिहिलंय, ती नको. शॉक द्यायची वेळ आली आणि डॉक्टरांना गरज वाटली तर माझी हरकत नाही, पण भूल देऊनच. तसा नियमच आहे. त्या बाबतीत लोक उगाच घाबरतात, मला त्याने आराम पडला होता. आणि ताईने माझ्यासाठी नोकरी सोडायची नाही, हेही लिहिलंय. डॉक्टर म्हणाले ते उपचाराच्या कागदात बसत नाही, तरी मी राहू दिलं.

त्याच्यासोबत नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायचा असतो. माझ्या वतीने डॉक्टरांशी बोलणारा माणूस. नाना आता थकलेत, कागद पाहून गांगरतात. मी तुझं नाव घातलंय. त्याला तुझी लेखी संमती लागते, माझ्या म्हणण्याने होत नाही. नको वाटत असेल तर सरळ नाही म्हण, ताई तयार आहे, मला वाईट वाटणार नाही. पण हो म्हणणार असशील तर आधी कागद पूर्ण वाच आणि जिथे पटत नाही तिथे माझ्याशी भांड.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या आधीच्या बुधवारपर्यंत आलास तर डॉक्टर तालुक्याला असतात, आपण दोघं जाऊन सही करून येऊ. येताना आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आण.

तुझी आई