पत्रे पांढरे करायचेत आणि ओढ्यावर नजर ठेवायचीय

सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठावर, दांडेकर पुलाच्या अंगाला राहणाऱ्या बचत गटाच्या बायका. वस्तीतलं गणपती मंडळ आमच्या सोबत आहे. धुणीभांडी, शिवणकाम, पोळ्या लाटणं, कचरा वेचणं यावर आमची घरं चालतात. आजवर गटाबाहेर कुणाकडे पैसे मागितले नव्हते. यंदा दोन कामांसाठी मागतोय. पहिलं होळीच्या आत सुरू करायचंय, दुसरं मृगाच्या आत पुरं व्हायला हवं.

पहिलं काम पत्र्याचं. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पुण्यात पारा ४३ अंशांवर गेला, तो सावलीतला. आमच्या डोक्यावर हातभर अंतरावर तापलेला पत्रा असतो. दुपारी दोनच्या सुमाराला शिलाई मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो. आमच्यातल्या एक जण एप्रिल-मेमध्ये रात्री अकरानंतर ब्लाउज शिवायला बसतात आणि पहाटे पाचला पाण्यासाठी उठतात. लहान लेकरांना ओल्या गोणपाटावर निजवतो. म्हातारी माणसं दुपारभर पुलाखालच्या सावलीत जाऊन बसतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चुना लावून पाहिला. गारवा आला, पण वळवाच्या पहिल्याच सरीत सगळा चुना वाहून गेला. मग चार घरांवर ऊन परतवणारा पांढरा रंग दोन हात मारला. तो पावसाळ्यानंतरही टिकून आहे आणि त्या चार घरांत आता दुपारी माणूस बसू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीला रंग, ब्रश आणि पत्र्याची भोकं बुजवायचा माल धरून साधारण दीड हजार रुपये लागले. मजुरी नाही, पोरं स्वतः चढतात. अजून १४० घरं बाकी आहेत.

दुसरं काम पाण्याचं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढा अंधारात घरांत शिरला. वर अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्या पुरात पुणे शहर आणि परिसरात वीसहून जास्त जीव गेले. आमच्याकडे गॅसच्या टाक्या तरंगत होत्या. सकाळी आम्ही दोरीवर कपड्यांआधी रेशन कार्डं वाळत घातली. शाई पसरलेली, फोटो उखडलेले. पंचनाम्याला आलेल्यांनी तेच कागद मागितले.

नदीकाठाला निदान खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप येतो. ओढ्याला धरण नाही, म्हणून किती पाणी सोडलं हे सांगणारा क्युसेकचा आकडाही नाही. कात्रजचा तलाव भरून वाहायला लागला की पाणी थेट आमच्या दारात. त्यातून वरच्या अंगाला सगळीकडे सिमेंट झालंय, मुरायला जागा राहिली नाही, ओढ्याचं पात्रही आवळत गेलं. तुम्ही ओढ्यात राहताच कशाला, असं आम्हाला पुष्कळदा विचारतात. जिथे भांडी घासायला जातो ते सदाशिव पेठेतलं घर इथून पंधरा मिनिटं चालत आहे, म्हणून राहतो. लांब गेलो तर बसभाड्यातच पगार जाईल.

म्हणून ठरवलंय की पुलाच्या खांबावर पिवळी आणि लाल खूण रंगवायची. पावसाळ्यात रात्री दोघं-दोघं आळीपाळीने पहारा देणार. पिवळ्याला पाणी लागलं की मंडळाच्या स्पीकरवरून हाळी द्यायची आणि म्हातारी, बाळंतिणी, लेकरं आधी वर न्यायची. स्पीकर गणपतीतला आहेच. वीज गेल्यावर चालेल अशी बॅटरी, सहा मोठे टॉर्च, जाड दोर आणि घरटी एक पाणी न शिरणारी कागदपत्रांची पिशवी एवढं घ्यायचंय.

पण सगळ्यात मोठी मदत पैशाची नाही. कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत ओढा दिसेल अशा खिडकीत जे राहतात, त्यांनी आमच्याशी फोन नंबरची देवघेव करावी. रात्री तुमच्याकडे पाणी चढलं की एक फोन करा, कितीही वाजले असोत. २०१९ मध्ये वीस मिनिटं आधी जरी कळलं असतं तरी पोरांना कडेवर घेऊन निघता आलं असतं. तेव्हा आम्हाला कळलं ते पाय ओले झाल्यावर.

रविवारी सकाळी १० ते १२ मंडळाच्या खोलीत आम्ही असतो. पुलाशी येऊन कुणालाही विचारा. रोख दिलीत तर पावती मिळेल, जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लागेल. पैशाऐवजी रंगाचे डबे आणलेत तरी चालतील, फक्त पत्र्यासाठीचाच रंग बघून घ्या, भिंतीचा टिकत नाही. जुने कपडे मात्र कृपया नकोत, ठेवायला जागा नाही. आणि तुमच्या ओळखीचं कुणी ओढ्याच्या वरच्या अंगाला राहत असेल तर हा निरोप आधी त्यांना द्या.

आपल्या,
बचत गटाच्या सगळ्या जणी