ज्यांच्या खिशात माझी चावी दिवसभर होती, त्या फायर ब्रिगेडच्या साहेबांना

साहेब, नमस्कार.

नाव लिहीत नाही. "नाव कशाला, ड्यूटी आहे" असं तुम्हीच म्हणाला होतात. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गल्लीत त्या गुरुवारी जे होते, त्यांना वाचलं की लगेच कळेल. मी तो छोटा हत्तीवाला. तुमच्या अंगावर ओरडलेला.

मागे येणाऱ्या ट्रेलरने केमिकलच्या टँकरचा खालचा कॉक उडवला आणि माल गटाराच्या कडेने माझ्या गाडीकडे यायला लागला. गाडीचे 18 हप्ते बाकी, आत पार्टीचा माल. अशा वेळी ड्रायव्हर काय करणार? सेल्फ मारून गाडी बाहेर काढणार. मी दार उघडलंच होतं. तेवढ्यात तुम्ही हात पुढे केलात. "दादा, चावी द्या."

मी म्हटलं, जळाली तर तुम्ही भरून देणार का? आणखीही बरंच तोंडातून गेलं, ते इथे नको. तुमचा आवाज होता तसाच राहिला. "ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, जमिनीला धरून पुढे सरकते. आत्ता ती तुमच्या गाडीखाली आहे. सेल्फची एक ठिणगी पुरे." मी खाली बघितलं. काहीच दिसत नव्हतं. चावी दिली.

आता थोडं कडू. दोन महिने आधी याच गल्लीत एक ड्रम फुटला होता. मीच फोन केला होता, कुठे ते सांगत नाही. तिकडून विचारलं, "पेटलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग पेटलं की कळवा." आणि कारखान्याचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, थिनर आहे, पाणी मारा. आम्ही अडाण्यासारखं मारलं. पाण्यावर तरंगत तो सगळा माल नाल्यात गेला, तिथून खाडीत. आमच्याकडे सगळ्यालाच थिनर म्हणतात. तुमच्याबरोबरच्या त्या पोराने मात्र लांबूनच टँकरच्या पाटीवरचे आकडे वाचले. 1294 म्हणजे टोल्युईन. वर कोडात 3, म्हणजे यावर फेस मारायचा. अशा पाट्या मी रोज पुढच्या गाडीवर बघतो, त्या कुणीतरी वाचायच्या असतात हे त्या दिवशी कळलं. टोल्युईन 4 अंशालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं म्हणे. रबाळ्यात 4 अंश कधी असतं? म्हणजे तो माल आमच्या गल्लीत कायम तयारच.

फेस, वाळू, गटाराची तोंडं बुजवणं, ते तुम्ही केलंत तसं केलंत, मला त्यातलं सगळं कळलं नाही. आग लागली नाही. लागली नाही म्हणून बातमीही आली नाही. 23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा माझ्या मेहुण्याच्या खिडकीच्या काचा फुटल्या होत्या. तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. आमचा गुरुवार कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून हे लिहायला बसलो.

पण खरं सांगू, मला फेस आठवत नाही, रात्र आठवते. साडेनऊला तुम्ही हेल्मेट उलटं धरून आलात. आत आम्हा सगळ्यांच्या चाव्या. प्रत्येकीला कागदी पट्टी, पट्टीवर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे. अख्खा दिवस त्या जड कपड्यांत, डोळे लाल झालेले, आणि मधेच कधीतरी बॉलपेनने हे लिहीत बसला होतात! "तुमचीच ना? बघून घ्या. ब्रेक एकदा तपासा, मगच काढा." सकाळी मी काय काय बोललो त्याचा उल्लेखही नाही.

वर्दी अंगावर चढली की माणसाचा आवाज बदलतो, हा माझा 20 वर्षांचा रस्त्यावरचा अनुभव. सकाळी काही जण बादल्या घेऊन माल भरायला धावले होते, फुकट मिळतंय म्हणून. त्यांनाही तुम्ही चोर म्हटलं नाहीत. "मावशी, बादली तिथेच सोडा, या इकडे," एवढंच. त्या मावशी आता बादली परत मिळाली का विचारतात, ती वेगळी गोष्ट.

त्या रात्री आभार मानायचे राहून गेले. ओरडल्याची माफीही राहिली. दोन्ही घ्या.

चावीवरची पट्टी काढलेली नाही. शाई पुसट व्हायला लागली म्हणून वरून सेलोटेप लावलाय.

तुमचा,
छोटा हत्तीवाला