वाळूजच्या कोटिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वसमतहून लिहिते आहे. मागच्या वर्षी ऐन हंगामात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लोखंडी पट्टी घेऊन तुमच्या दारात उभी राहिलेली हळदवाली बाई, ती मी. त्या दिवशी गाडी गाठायच्या घाईत आभार मानायचे राहिले. ते आज चारचौघांसमोर मानते.

आमच्या गटात अकरा जणी. हळद शिजवणं, वाळवणं, दळणं सगळं जमायचं. घोडं अडायचं ते तापल्या पट्टीनं पाकिटं बंद करायच्या सीलिंग मशीनपाशी. पाकीट तापल्या पट्टीला चिकटायचं, ओढलं की सील उसवायचं, आणि करपल्या प्लास्टिकचा काळा डाग पुढच्या पाकिटावर उमटायचा. आम्ही चाकूनं खरवडायचो. टेफ्लॉनची टेप पट्टीच्या दात्यांवर दोन-तीन दिवसांत कापली जायची. शेवटी एका ठिकाणी पट्टीला न चिकटणारं कोटिंग करून घेतलं, तर पंधरा दिवसांत त्याचे पापुद्रे सुटले. खायच्या हळदीशेजारी पापुद्रे! त्या दिवशीचा सगळा माल आम्ही विकला नाही.

तुम्ही दर सांगायच्या आधी एक पापुद्रा नखानं उचललात आणि खालचं लोखंड दाखवलंत. आरशासारखं गुळगुळीत होतं. "ज्याला काहीच चिकटत नाही, ते लोखंडाला तरी कसं चिकटेल ताई?" म्हणालात. मग पट्टी बारीक खड्यांचा मारा करणाऱ्या यंत्रात धरून ती खरखरीत केलीत आणि माझं बोट तिच्यावरून फिरवलंत. बारीक पॉलिश पेपरसारखं लागलं. या खरखरीत प्रायमर, म्हणजे पहिला थर, रुततो, त्यावर कोटिंग बसतं, आणि भट्टीत 350 अंशांच्याही वर भाजल्यावरच ते एकजीव होतं. आधीच्या कामात पट्टी अशी खरखरीत केलेलीच नव्हती. दात्यांच्या धारदार कडाही तुम्ही गोल केल्यात, कारण धारेवर थर पातळ बसतो आणि झीज तिथूनच सुरू होते.

मशीन किती तापतं, हे विचारलंत तेव्हा मी ठामपणे 160 सांगितलं. तुम्ही मात्र मला घरी फोन लावायला लावलात. आयटीआयच्या पोरानं मशीनवरची दुसरी पट्टी मोजली, तर 210! कोटिंगचे दोन प्रकार तुम्ही सांगितलेत: एफईपी साधारण 200 अंशांपर्यंतच टिकतं, पीएफए 260 पर्यंत. स्वस्तातलं एफईपी मारून तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. तुम्ही पीएफए निवडलंत आणि तापमान मोजणारा सेन्सर पट्टीला टेकवून बसवायला सांगितलंत.

मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. हातातल्या छोट्या सीलरच्या पट्टीलाही कोटिंग करा, असं मी म्हटलं होतं. "त्याला टेफ्लॉनचं कापडच बरं, फाटलं की बदला, पैसे घालू नका," म्हणून तुम्ही ते काम परत केलंत. बचत गटाचा रुपया कसा गोळा होतो ते आम्हालाच माहीत, काका. तुम्ही तो न मागता वाचवलात.

चाकू आम्ही मशीनच्या खोलीतून हद्दपार केलाय. मशीन गार झालं की सुती फडक्यानं पुसतो, अडलंच तर लाकडी चपटी काडी. सांडलेली पूड आधी झटकतो, कारण ती दाबात सापडली की कोटिंगला घासते हे तुम्हीच सांगितलं होतं. सगळा हंगाम त्याच पट्टीवर निघाला. आता फक्त डाव्या टोकाला, जिथं पाकीट आत सरकतं तिथं, नखाएवढी जागा फिकी पडली आहे.

कडा कशा झिजल्या ते बघायचंय, असं तुम्ही म्हणाला होतात. चैत्रात येईन तेव्हा पट्टी न घासता, आहे तशी घेऊन येते. सोबत यंदाची हळद.

आपली,
वसमतच्या गटातली हळदवाली ताई